सद्दामला हटवण्याचा कायदा : ९ कोटी ७० लाख डॉलर आणि एक वाक्य

३१ ऑक्टोबर १९९८ रोजी इराकी सरकारने बगदादमध्ये जाहीर केलं की संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रतपासनिसांना यापुढे कसलंही सहकार्य मिळणार नाही. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ‘इराक मुक्ती कायदा, १९९८’ यावर सही केली. सद्दाम हुसेन यांची राजवट घालवू पाहणाऱ्या इराकी गटांच्या पाठीशी उभं राहणं हे आता अमेरिकेचं उघड, कायद्याने लिहिलेलं धोरण झालं.

दुसऱ्या देशातलं सरकार पाडण्यासाठी तिथल्या विरोधकांना पैसा पुरवणं ही जुनी गोष्ट. १९५३ मध्ये इराणमध्ये पंतप्रधान मोसादेग यांना हटवताना ते घडलं. निकाराग्वातल्या काँट्रांना, म्हणजे तिथल्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना, मिळणारी मदतही आधी गुपचूपच सुरू झाली होती. इराकच्या बाबतीत मात्र लोकप्रतिनिधींनी सुरुवातीलाच उघड मतदान केलं, अटी लिहिल्या, रकमेची मर्यादा ठरवली. त्यामुळे हे प्रकरण बारकाईने तपासता येतं. कायद्याचा मसुदा समोर आहे, हिशेबतपासणीचे अहवाल आहेत, पुढे काय झालं तेही ठाऊक आहे. हे सगळं वाचून माझं मत असं झालं आहे की या कायद्यातला पैसा फार कुठे पोचलाच नाही. लांब पल्ला गाठला तो त्यातल्या एका वाक्याने, आणि त्याची किंमत इराकी माणसांनी मोजली.

१९९१ चं ओझं

कायद्याची मुळं आखाती युद्धात आहेत. फेब्रुवारी १९९१ मध्ये थोरल्या बुश यांनी इराकी सैन्याला आणि जनतेला आवाहन केलं की सूत्रं हाती घ्या आणि सद्दामला बाजूला व्हायला लावा. मार्चमध्ये दक्षिणेतले शिया आणि उत्तरेतले कुर्द खरोखरच उठले. १८ पैकी १४ प्रांत सद्दामच्या हातून निसटले होते. पण ३ मार्चला सफवान इथे युद्धबंदीची बोलणी झाली, तेव्हा इराकी सेनाधिकाऱ्यांनी एक सवलत मागून घेतली होती : पूल आणि रस्ते उद्ध्वस्त झालेत, तेव्हा ये-जा करायला हेलिकॉप्टर उडवू द्या. अमेरिकेचे सेनापती जनरल श्वार्झकॉफ यांनी ती दिली. पुढच्या काही दिवसांत तीच हेलिकॉप्टर उठाव करणाऱ्यांवर गोळीबार करत फिरली. अमेरिकी फौजा जवळच, दक्षिण इराकमध्ये होत्या. त्या हलल्या नाहीत.

एखाद्या समाजाला ‘उठा’ म्हणून सांगायचं आणि तो उठला की तटस्थ राहायचं, याची बोच वॉशिंग्टनमधल्या अनेकांना पुढे छळत राहिली. १९९८ चा कायदा काही अंशी त्या अपराधी भावनेतून आला आहे. मला ही भावना खोटी वाटत नाही. पण त्या भावनेतून जे काढायला हवं होतं ते काढलं गेलं नाही.

दरम्यान निर्वासित इराकी नेत्यांची एक छत्रीसंघटना उभी राहिली होती. ‘इराकी नॅशनल काँग्रेस’, म्हणजे आयएनसी, जून १९९२ मध्ये व्हिएन्नात स्थापन झाली. तिला पैसा होता सीआयएचा आणि चेहरा होता अहमद चलबी यांचा. चलबी बगदादच्या एका धनाढ्य शिया घराण्यातले, अमेरिकेत गणित शिकलेले, जॉर्डनमध्ये पेट्रा बँक काढून ती बुडाल्यावर देशाबाहेर पडलेले. जॉर्डनच्या लष्करी न्यायालयाने १९९२ मध्ये त्यांच्या गैरहजेरीत त्यांना २२ वर्षांची शिक्षा सुनावली. हा खटला राजकीय कारस्थान असल्याचं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले.

आयएनसीचा तळ उत्तर इराकच्या कुर्द भागात होता. तो ३१ ऑगस्ट १९९६ रोजी उखडला गेला, आणि कसा, हे नीट लक्षात घ्यायला हवं. मसूद बारझानी यांची केडीपी आणि जलाल तालबानी यांची पीयूके या दोन कुर्द पक्षांत यादवी पेटली होती. तालबानींना इराणची मदत मिळते म्हणून बारझानींनी थेट सद्दामलाच बोलावलं. इराकी रणगाडे एर्बिलमध्ये शिरले, आयएनसीची माणसं सापडली तिथे मारली गेली. अमेरिकेशी संबंध असलेल्या हजारो इराकींना नंतर विमानांनी पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर हलवावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये अयाद अल्लावी यांच्या ‘इराकी नॅशनल अकॉर्ड’ने लष्करातल्या अधिकाऱ्यांकरवी आखलेला सत्तापालटाचा कटही फुटला आणि अधिकाऱ्यांची धरपकड झाली. म्हणजे कायदा यायच्या दोन वर्षं आधीच दोन्ही वाटा चोखाळून झाल्या होत्या आणि दोन्हींवर प्रेतं पडली होती.

कायद्यात नेमकं काय होतं

विधेयक प्रतिनिधिगृहात आलं २९ सप्टेंबर १९९८ ला, मांडणारे रिपब्लिकन पक्षाचे बेंजामिन गिलमन. ५ ऑक्टोबरला ते ३६० विरुद्ध ३८ मतांनी संमत झालं आणि ७ ऑक्टोबरला सिनेटने विरोधाविना मंजूर केलं. मांडण्यापासून मंजुरीपर्यंत नऊ दिवसांत सगळं आटोपलं. ८ तारखेला हेच प्रतिनिधिगृह क्लिंटन यांच्यावरील महाभियोगाच्या चौकशीवर मतदान करत होतं. त्या धामधुमीत सद्दामविरुद्धचं मत सगळ्यांनाच सोपं होतं. ना सैनिक पाठवायचे होते, ना कर वाढवायचा होता.

तिसऱ्या कलमात ते वाक्य आहे : सद्दाम हुसेन यांच्या नेतृत्वाखालील राजवट हटवण्याच्या प्रयत्नांना पाठिंबा देणं आणि तिच्या जागी लोकशाही सरकार येण्यास चालना देणं, हे अमेरिकेचं धोरण असावं.

चौथ्या कलमात मदत. प्रसारणासाठी २० लाख डॉलर. आणि तो गाजलेला आकडा, ९ कोटी ७० लाख डॉलर. वर्तमानपत्रांनी तो असा छापला, जणू विरोधकांच्या खात्यात तेवढी रोकड जमा होणार होती. प्रत्यक्षात तो ‘ड्रॉडाउन’ होता. संरक्षण खात्याच्या कोठारात आधीच असलेला माल आणि अधिकाऱ्यांनी दिलेलं प्रशिक्षण, यांची किंमत धरून तेवढ्यापर्यंत मदत करायची मुभा अध्यक्षांना मिळाली. मुभा, सक्ती नव्हे. सही करताना क्लिंटन यांनीही हा अधिकार ऐच्छिक आहे असंच नोंदवलं. रोख पैसा वेगळ्या वाटेने, दरवर्षीच्या अर्थसंकल्पातल्या तरतुदींतून, परराष्ट्र खात्यामार्फत यायचा, आणि त्या रकमा कितीतरी लहान होत्या.

आणखी एक अट सहज नजरेआड होते. मदत देतेवेळी जो गट सद्दामच्या राजवटीशी लष्करी सहकार्य करत असेल, त्याला काही मिळणार नाही. ही अट वाचताना १९९६ चं एर्बिल डोळ्यांसमोर उभं राहतं. ज्यांच्यावर भिस्त ठेवायची, तेच उद्या शत्रूला बोलावतील ही भीती कायदा लिहिणाऱ्यांना होती, आणि ती कायद्यातच उतरली.

शेवटी आठवं कलम : चौथ्या कलमातला अपवाद सोडता, या कायद्याचा कोणताही अर्थ अमेरिकी सशस्त्र दलांच्या वापराला परवानगी असा लावू नये. या कलमाकडे पुन्हा यायचं आहे.

सात नावं

४ फेब्रुवारी १९९९ रोजी क्लिंटन यांनी मदतीला पात्र असे सात गट जाहीर केले. आयएनसी, इराकी नॅशनल अकॉर्ड, दोन कुर्द पक्ष केडीपी आणि पीयूके, इराकी कुर्दिस्तानची इस्लामी चळवळ, घटनात्मक राजेशाहीवाल्यांचा गट, आणि इराकमधील इस्लामी क्रांतीची सर्वोच्च परिषद, जिचं मुख्यालय तेहरानमध्ये होतं.

कायद्याला हवे होते लोकशाही मूल्यं, मानवी हक्क आणि इराकची अखंडता मानणारे गट. यादीत आले राजा परत आणू पाहणारे, इराणच्या आश्रयाने वाढलेले, आणि इराकपेक्षा कुर्दिस्तानला आधी मानणारे. त्यांना जोडणारा धागा एकच, सद्दामचा द्वेष. तेहरानच्या परिषदेने तर अमेरिकी पैसा घ्यायचंच नाकारलं. कुर्दांची अडचण वेगळी आणि खरी होती. उत्तरेकडच्या विमानबंदी क्षेत्रामुळे, म्हणजे इराकी विमानांना तिथे उडायला मनाई असल्यामुळे, त्यांच्यावर हल्ले होत नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजनेच्या उत्पन्नातला १३ टक्के वाटा त्यांच्या तीन प्रांतांसाठी राखून ठेवला जात होता. १९८८ चं हलब्जा, विषारी वायूने मेलेले हजारो लोक, हे त्यांच्यासाठी कालपरवाचं होतं. अर्धवट उठावाला साथ देऊन ते सगळं पणाला लावायची त्यांची तयारी नव्हती, आणि त्याबद्दल त्यांना दोष देववत नाही.

मध्यपूर्वेतल्या अमेरिकी फौजांचे सेनापती जनरल अँथनी झिनी यांनी तर सिनेटच्या समितीसमोर स्पष्ट सांगितलं की सद्दामला पाडू शकेल असा एकही विरोधी गट त्यांना दिसत नाही. दुबळा, विस्कटलेला इराक हा कोंडून ठेवलेल्या सद्दामपेक्षा जास्त घातक ठरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. छोटी प्रशिक्षित फौज, दक्षिणेत एक सुरक्षित पट्टा आणि वरून अमेरिकी विमानं, अशी जी योजना आयएनसीचे पाठीराखे मांडत होते, तिची त्यांनी क्युबातल्या १९६१ च्या फसलेल्या बे ऑफ पिग्ज मोहिमेशी तुलना केली. क्युबाच्या त्या किनाऱ्यावरही निर्वासितांनाच उतरवलं होतं आणि ऐनवेळी आकाशातून मदत आली नव्हती.

पैसा कुठे अडला

क्लिंटन सरकारने कोठाराचं दार जेमतेम किलकिलं केलं. १९९९ च्या शेवटी जेमतेम ५० लाख डॉलरच्या मदतीला मान्यता मिळाली, तीही प्रशिक्षण आणि शस्त्रेतर सामानाची. फ्लोरिडातल्या हर्लबर्ट हवाई तळावर मोजके इराकी नागरी प्रशासनाचे धडे घ्यायला आले. बंदूक कुणालाच मिळाली नाही. न्यूयॉर्कमध्ये सुमारे ३०० प्रतिनिधींचं अधिवेशन भरलं, ठराव झाले, छायाचित्रं निघाली.

रोख पैशाची कहाणी अधिक बोलकी आहे. मार्च २००० ते सप्टेंबर २००३ या काळात परराष्ट्र खात्याने आयएनसीच्या ‘सपोर्ट फाउंडेशन’ला जवळपास ३ कोटी ३० लाख डॉलर दिले. त्यातून लंडन आणि इतरत्र कार्यालयं चालली, ‘अल मुतमर’ हे वृत्तपत्र निघालं, ऑगस्ट २००१ मध्ये ‘लिबर्टी टीव्ही’ ही उपग्रहवाहिनी सुरू झाली. मे २००२ मध्ये पैसे थांबल्याने ती बंदही पडली. खात्याच्या महानिरीक्षकांनी हिशेब तपासले तेव्हा खर्चाची पुरेशी कागदपत्रंच नव्हती. आयएनसीचं उत्तर साधारण असं होतं की हुकूमशहाच्या देशात माणसं पेरायची तर पावत्या कुठून आणायच्या?

ही अडचण आयएनसीपुरती नाही, अशा प्रत्येक कायद्याच्या पोटात ती असते. करदात्याचा पैसा म्हटला की व्हाउचर हवं, सही हवी. गुप्त कामात सही केलेला माणूस फासावर जातो. लोकशाही देशाने उघड पैशातून दुसरीकडे उठाव घडवायचं ठरवलं की या दोन गरजा समोरासमोर येतात. मग एक तर पैसा फक्त कार्यालयं आणि परिषदांवर खर्च होतो, कारण तिथल्या पावत्या मिळतात. नाहीतर हिशेबाचा आग्रह सोडला जातो. आयएनसीच्या बाबतीत दोन्ही झालं.

दुसरा प्रकार घडला ‘माहिती संकलन कार्यक्रमा’त. इराकमधून फुटून आलेल्या लोकांची गाठ घालून द्यायची, त्यांच्याकडची माहिती पुरवायची, असं काम. परराष्ट्र खात्याला ते नकोसं झालं तेव्हा २००२ मध्ये ते संरक्षण खात्याच्या गुप्तचर संस्थेकडे गेलं. दरमहा सुमारे ३ लाख ४० हजार डॉलर या दराने ते मे २००४ पर्यंत चाललं, म्हणजे बगदाद पडल्यावरही वर्षभर. सिनेटच्या गुप्तचर समितीने सप्टेंबर २००६ च्या अहवालात निष्कर्ष काढला की आयएनसीने फुटीर साक्षीदारांमार्फत खोटी माहिती पुरवून अमेरिकेच्या इराकविषयक धोरणावर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न केला. इराककडे महाविनाशक शस्त्रं आहेत आणि दहशतवाद्यांशी त्याचे लागेबांधे आहेत, हे पटवणं हा त्यामागचा हेतू होता. अमेरिकेने पैसा दिला होता इराकमधलं मत बदलायला. बदललं गेलं अमेरिकेतलं मत.

९/११ नंतर सगळंच पालटलं. ऑक्टोबर २००२ मध्ये धाकट्या बुश यांनी उरलेल्या ९ कोटी २० लाख डॉलरच्या मदतीला वाट करून दिली. हंगेरीतल्या तासार तळावर ३००० पर्यंत इराकी स्वयंसेवक तयार करायची योजना होती. दुभाषे, वाटाडे, अमेरिकी तुकड्या आणि स्थानिक लोक यांच्यामधला दुवा अशी त्यांची कामं. प्रत्यक्षात प्रशिक्षण पुरं केलेल्यांचा आकडा शंभरालाही पोचला नाही. ज्या देशात म्हणे लाखो लोक उठायच्या तयारीत होते, त्याच्या नावाने उभारलेल्या छावणीत खाटा रिकाम्या राहिल्या.

तिसरं कलम, आठवं कलम

इराकवर लष्करी बळ वापरण्याची परवानगी देणारा ठराव ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर आला. त्याच्या प्रस्तावनेत कारणांची मोठी मालिका आहे, आणि त्यात १९९८ च्या कायद्याचा नावानिशी उल्लेख आहे : राजवट हटवण्याच्या प्रयत्नांना पाठिंबा देणं हे धोरण असावं, असं या काँग्रेसने आधीच म्हटलेलं आहे. तिसरं कलम उचललं गेलं. सैन्याच्या वापराशी या कायद्याचा संबंध जोडू नका असं बजावणारं आठवं कलम मागेच राहिलं.

मतांची बेरीज पाहण्यासारखी आहे. १९९८ मध्ये प्रतिनिधिगृहातल्या फक्त २९ डेमोक्रॅटांनी विरोध केला होता. २००२ मध्ये विरोधात गेलेले डेमोक्रॅट १२६. खरं युद्ध दारात आल्यावर अनेकांचे हात आखडले, पण तोवर धोरणाचा पाया त्यांच्याच पक्षाच्या मतांनी भरला गेला होता. ठराव २९६ विरुद्ध १३३ ने संमत झाला. स्वस्तात दिलेलं मत चार वर्षांनी असं वसूल झालं. १९९८ मध्ये हात वर करणाऱ्या सगळ्यांना युद्ध हवं होतं असं मी म्हणणार नाही, पण कायद्यात लिहिलेलं उद्दिष्ट आणि त्यासाठी दिलेलं साधन यांत एवढी दरी असेल, तर कुणीतरी मोठं साधन घेऊन ती भरायला येणार, हे त्यांनी ओळखायला हवं होतं.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अंगाने पाहिलं तर वाट आधीच आखून दिलेली होती. निकाराग्वाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २७ जून १९८६ च्या निकालात बारीक भेद केला आहे : बंडखोरांना शस्त्रं आणि प्रशिक्षण देणं हा बळाचा वापर ठरतो. नुसता पैसा पुरवणं बळाचा वापर ठरत नाही, पण तो दुसऱ्या देशाच्या अंतर्गत कारभारातला बेकायदा हस्तक्षेप आहेच. १९९८ च्या कायद्यात पैसा, सामान आणि प्रशिक्षण तिन्ही होतं. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांनी सद्दामकडून निःशस्त्रीकरण मागितलं होतं, पायउतार होणं नव्हे. यातून एक व्यावहारिक पेच उभा राहिला. शस्त्रं सोडली तरी अमेरिका आपल्याला हटवणारच हे सद्दामला कायद्यात छापील दिसत होतं. मग शस्त्रतपासनिसांना दार उघडण्यात त्याचा फायदा तो काय?

शिवाय स्वतःच्या राजकारणात परकीय पैसा कुणालाच नको असतो. आपल्याकडे राजकीय पक्षांना परदेशी देणगी घ्यायला १९७६ पासून कायद्याने मनाई आहे. अमेरिकेतल्या निवडणुकांतही परदेशी पैशाला बंदी आहे. युद्ध सुरू झाल्यावर, एप्रिल २००३ मध्ये, मनोहर जोशी लोकसभेच्या अध्यक्षपदी असताना भारतीय संसदेने इराकवरील कारवाईची निंदा करणारा ठराव केला, आणि जुलैमध्ये वाजपेयी सरकारने इराकमध्ये सैन्य पाठवायला नकार दिला. त्या निर्णयाचं मोल मला दिवसेंदिवस जास्त वाटतं.

त्या सात गटांचं पुढे काय झालं

एप्रिल २००३ मध्ये चलबी आणि त्यांचे काही शे लढवय्ये अमेरिकी विमानांनी नासिरियाजवळ उतरवले गेले. जानेवारी २००४ मध्ये बुश यांच्या वार्षिक भाषणाच्या वेळी ते प्रेक्षक सज्ज्यात लॉरा बुश यांच्या मागे बसले होते. त्याच वर्षी २० मे रोजी बगदादमधल्या त्यांच्या घरावर छापा पडला. डिसेंबर २००५ च्या निवडणुकीत त्यांच्या यादीला एकही जागा मिळाली नाही. ज्या संघटनेवर सर्वांत जास्त अमेरिकी पैसा खर्च झाला, तिला इराकी मतदाराने असं उत्तर दिलं.

वर आले ते देशात मुळं असलेले. तालबानी राष्ट्राध्यक्ष झाले, बारझानी कुर्दिस्तानचे अध्यक्ष. आणि अमेरिकेचा पैसा नाकारणारी तेहरानची परिषद ही नव्या इराकमधल्या बलाढ्य शिया पक्षांपैकी एक बनली.

कायद्याच्या सातव्या कलमात सद्दाम गेल्यानंतरचा विचार होता, अगदी थोडक्यात : तातडीची मानवतावादी मदत, लोकशाहीकडे जायला साहाय्य, आणि परकीय कर्जाबद्दल सावकार देशांची बैठक. यातलं कर्जाचं काम खरोखर झालं. नोव्हेंबर २००४ मध्ये पॅरिस क्लब या सावकार देशांच्या गटाने इराककडून असलेल्या येण्यातला ८० टक्के भाग सोडून द्यायचं ठरवलं. पण सैन्य राहील का, सद्दामच्या बाथ पक्षाचे सदस्य असलेल्या शिक्षकांचं आणि डॉक्टरांचं काय करायचं, सुन्नी कुठे बसतील, यावर कायद्यात अक्षर नव्हतं. मे २००३ मध्ये बाथ पक्षाच्या वरच्या फळीला नोकऱ्यांतून काढणारा आदेश निघाला, पाठोपाठ सैन्य बरखास्त झालं. बाथ-निर्मूलनाचं काम ज्या आयोगाकडे गेलं, त्याचे प्रमुख चलबी होते.

जानेवारी २०१० मध्ये, संसदीय निवडणूक दोन महिन्यांवर असताना, त्याच आयोगाच्या पुढच्या अवताराने सुमारे ५०० उमेदवारांना अपात्र ठरवलं. चलबी तेव्हाही त्याच्या शीर्षस्थानी होते. अपात्र ठरलेल्यांत सालेह अल मुतलक हे मोठे सुन्नी नेते होते, आणि ते होते अयाद अल्लावी यांच्या आघाडीत. १९९९ च्या यादीतल्या दोन नावांपैकी एक दुसऱ्याच्या साथीदारांची नावं मतपत्रिकेवरून खोडत होतं. अल्लावींच्या आघाडीला तरीही सर्वाधिक ९१ जागा मिळाल्या, नूरी अल मालिकी यांना ८९. पंतप्रधान मालिकीच राहिले.